दोन रुपयांचा आक्षेप

नव्वदच्या दशकातल्या एका विधानसभा निवडणुकीत, मतदानाच्या दिवशी सकाळी सव्वानऊला, गास गावच्या शाळेतल्या मतदान केंद्रात मी दोन रुपये भरले. समोर केंद्राध्यक्ष होते, शेजारी विरोधी पक्षाचे एजंट भास्करदादा आणि टेबलापाशी हरकूबाई नावाची म्हातारी. मतदार खरा नाही असं एजंटला वाटलं, तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येत असे.

भास्करदादा गासचेच. भाजी आणि केळी पिकवायचे. तीस वर्षं एकाच पक्षात. मी नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेला हिशेबनीस, दुसऱ्या पक्षाचा एजंट. आमची सभा असली की दादा स्वतःच्या पक्षाचा बिल्ला लावून पहिल्या रांगेत येऊन बसत.

"दादा, वाट चुकलात का?" आमची पोरं टोमणा मारायची.

"नाय रे. मागं बसलं की नुसत्या टाळ्या ऐकू येतात. बोलनं ऐकायचं तर पुढं बसावं लागतं."

एकदा आमच्या वक्त्याला थांबवून ते म्हणाले, "पान्याचं बरोबर बोललात. आमच्यावाल्यांना सांगतो." सांगितलंही, आणि स्वतःच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

तर हरकूबाई. यादीत तिचं वय ४७ होतं. बाई सत्तरीच्या पुढची. मी आक्षेप घेतला.

दादा म्हणाले, "सावंतसाहेब, माझी शेजारीन आहे ती. आकडा उलटा छापलाय. चौऱ्याहत्तरची हाय."

केंद्राध्यक्षांनी विचारलं, "आक्षेप मागे घेता?"

"नाही," मी म्हणालो. ते मत दादांच्या पक्षाला जाणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

खोट्या मतदाराला पोलिसांच्या ताब्यात देतात, हे केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. 'पोलीस' शब्द कानावर पडताच हरकूबाई वळली आणि मत न देताच निघून गेली. चौकशी झालीच नाही. माझे दोन रुपये परत मिळाले.

दुपारी आमच्या इमारतीतले जोशी आले. ६८ चे गृहस्थ, यादीत ८६. मत आमचं. केंद्राध्यक्षांनी वयाच्या आकड्यावर बोट ठेवलं; आता आक्षेपाची पाळी दादांची होती. मी दादांकडे पाहिलं नाही. ते उठून उभे राहिले.

"मी वळखतो यांना. रोज माझ्याकडून भाजी घेतात. वय चुकलंय, मानूस बरोबर हाय."

संध्याकाळी त्यांच्या पक्षाच्या टेबलावर गलका झाला. "दादा, त्यांनी आपलं एक पाडलं आणि तुम्ही त्यांचं एक चढवलं?"

"चढवलं नाय. होतं तिथं ठेवलं."

त्यानंतर त्यांना पक्षाने कधी एजंट केलं नाही. तीस वर्षं पक्षात घालवलेला माणूस पक्षाच्याच सभेत कडेला उभा राहू लागला.

महिन्याभराने मला राहवेना. दादांना वाडीत गाठून सांगितलं. आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. चौऱ्याहत्तर वजा सत्तेचाळीस, सत्तावीस. रोजकीर्दीतल्या अशा चुका शोधण्यात माझा जन्म गेलेला. त्या सकाळी यादी पाहताक्षणी मला कळलं होतं.

दादांच्या हातातला कोयता थांबला. "म्हंजे तुमाला म्हाईत होतं?"

"होय."

"मी सगळ्यांना सांगत आलो, सावंत चुकले. मानूस चुकतो. दुसऱ्या पक्षाचा हाय म्हनून खोटा असंल, असं धरायचं नाय." मग म्हणाले, "आता काय सांगू त्यांना?"

मी दोन रुपये पुढे केले. "माझे नायत ते," दादा म्हणाले आणि मला हरकूबाईच्या ओट्यावर घेऊन गेले. मी तिला सगळं सांगितलं, नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिने ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मग दादांना विचारलं, "भास्कर, पुढच्या मताचे देतो का ह्यो?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही.

"मताचे पैशे मी घेत नाय," म्हणून तिने नाणं परत दिलं.

पुढच्या निवडणुकीआधी ती वारली. दोन वर्षांनी दादाही गेले. ते दोन रुपये कोणालाच दिले गेले नाहीत, माझ्याकडेच आहेत.