चवीपुरते दाणे

“मी त्यांना काही म्हणजे काही खायला दिलेलं नाही! मऊ भात, गाजर आणि उकडलेला मासा. त्या मशीनवाल्या बाईला म्हणावं, ये आणि माझी भांडी उघडून बघ!”

पोनियेमबाईंचा आवाज कुंपणावरून आला, तशी मी त्यांची परत करायची चाळण उचलली आणि निघाले. भांडणाच्या वेळी हातात काहीतरी कारण असलेलं बरं.

ओट्यावर त्यांचे यजमान तुगिमान पोटावर हात ठेवून बसले होते. लेक रेत्नो हेल्मेटसकट उभी.

“आई, आज तिसऱ्यांदा किरण द्यायच्या टेबलावरून उतरवलं. प्रोस्टेटच्या मागे लगेच आतडं. त्यात वायू धरला की ते फुगतं, सगळंच जागचं हलतं, किरण भलतीकडे पडतात. तासभर व्हरांड्यात चालवलं बाबांना.”

“तेही लघवी तुंबवून,” तुगिमान म्हणाले. “पुढून धरायचं आणि मागून सोडायचं, एकाच वेळी. तू करून दाखव.”

मला हसू फुटलं. पोनियेमबाईंनी पाहिलं, तसं मी ते गिळलं.

“मी उद्यापासून जाणारच नाही,” ते म्हणाले. “एकोणीस खेपा झाल्या, पुष्कळ झाल्या. नातीच्या वयाच्या पोरी सगळ्यांसमोर विचारतात, आजोबा, वारा सरला का?”

“अडतीस सांगितल्यात डॉक्टरांनी! अर्धा शिजलेला भात कुणी पानात वाढतं का?” बाई कडाडल्या.

पोनियेमबाई बत्तीस वर्षं टेंपे करतात. सोयाबीन उकडायचं, तुडवून सालं काढायची, पुन्हा उकडायचं, आंबवण लावून केळीच्या पानात बांधायचं. बांतुलच्या बाजारात लोक त्यांची वडी नुसत्या वासावरून ओळखतात. पोती उचलणं आणि तुडवणं तुगिमानांचं. आजार निघाला आणि बाईंनी दोन्ही कामं स्वतःकडे घेतली. त्यामुळे सकाळी इस्पितळात जायला त्यांना सवडच नाही. रेत्नो स्कूटरवरून नेते. यजमानांकडे काम उरलं ते एकच.

ते काम आत्ताच आलं. चुलीवरच्या पिंपाला उकळी फुटली, बाईंनी झाऱ्याने दाणे काढले, पानावर घेऊन फुंकर मारली आणि भांडण तसंच ठेवून नवऱ्यापुढे धरले. त्यांनी मूठभर दाणे तोंडात टाकले, डोळे मिटून सावकाश चावले.

“कच्चेत. अजून दहा मिनिटं.”

रेत्नोने हेल्मेट काढलं. “हे काय चाललंय?”

“कुठे काय?”

“सोयाबीन! कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलंय, कडधान्य बंद!”

“खाल्लं कुठे? चव बघितली,” दोघंही एकदम म्हणाले.

“रमजानात मी रस्सा चाखते, म्हणून माझा रोजा मोडतो होय?” बाईंनी विचारलं.

“तू थुंकतेस, आई. बाबा गिळतात! दिवसातून किती वेळा?”

“पहिल्या उकळीला. मग तुडवून झाल्यावर. मग दुसऱ्या उकळीला…”

“आणि तयार वडीचा तळलेला तुकडा,” तुगिमान उत्साहाने म्हणाले. “जाड वेगळी, पातळ वेगळी.” बाईंनी कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता.

रेत्नो मटकन खाली बसली. “आणि तिथे विचारतात तेव्हा?”

“सांगतो की, कडधान्य खाल्लं नाही. खोटं कुठे बोललो?”

आता मात्र आम्ही सगळ्याच हसलो. बाई तर पदरच नसल्यामुळे झारा तोंडापुढे धरून हसल्या. तुगिमान तेवढे हसले नाहीत.

“पोती गेली,” ते म्हणाले. “तुडवणं गेलं. आता जीभही काढून घ्या.”

“आई, तू चाख ना काही दिवस,” रेत्नो म्हणाली.

“मला दाण्यातलं काही कळत नाही.” बाईंचा आवाज एकदम खाली आला. “बत्तीस वर्षांत कधी कळून घ्यावं लागलं नाही.”

पिंप खदखदत होतं. बाईंनी चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली आणि पाणी मारलं.

“यांच्या उरलेल्या एकोणीस खेपा पुऱ्या होईपर्यंत या घरात टेंपे होणार नाही,” त्या म्हणाल्या. “बाजारात सांगून टाका. पुन्हा करू तेव्हा चव हेच बघतील. रेत्नो, तू तुझ्या कामावर जा. उद्यापासून सकाळी यांच्याबरोबर मी जाणार.”