टेपरेकॉर्डरसमोरच्या पोरी

आम्ही चार निवृत्त मास्तरणी जमलो की एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो. इतक्या वर्षांत साचलेत किती, सांगता सोय नाही. माझे बहुतेक एका टेपरेकॉर्डरचे. हसायला मिळेल म्हणून बसू मात्र नका.

ऐंशी सालाच्या आगेमागे मी भंडाऱ्याकडे मुसलमान मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. पोरी कुराण खणखणीत म्हणायच्या, पण वर्गात नाव विचारलं की ओढणी तोंडात! आमच्या हेडमास्तरीण, बडी आपा, त्यांनी टेपरेकॉर्डर आणवला. म्हणाल्या, "बाई, आपल्यासमोर नाही बोलत ना, मशीनसमोर बोलू द्या."

*

पहिली पोरगी माइकसमोर दहा मिनिटं बसली. कॅसेट परत लावली तर नुसता पंखा ऐकू आला.

बडी आपा म्हणाल्या, "पंख्याचा उच्चार चांगला आहे."

*

एकीचे अब्बा तणतणत आले. "माह्या पोरीचा आवाज डब्यात काहून भरून राहिले तुमी?"

आपांनी त्यांच्यासमोर कॅसेट पुसली. ते फाटकाबाहेर गेले आणि आपांनी त्याच पोरीला बोलावलं. "चल बेटा, फिरून बोल."

*

नववीतली नसीम मोहाडीकडून एसटीनं यायची. बाप नव्हता, मामूकडे राहायची. तिनं सगळ्यांना वर्गाबाहेर काढलं, मलासुद्धा. मग टेपमधून आवाज आला, "मले दहावी करायची आहे. मले नर्स व्हायचं आहे."

पुढच्या महिन्यात हेच ती टेपशिवाय, वर्गासमोर उभी राहून बोलली. मी घरी जाऊन शिरा केला.

*

दिवाळीनंतर मामूनं तिचं लग्न ठरवलं. आपा त्याच्या घरी गेल्या.

"नववीपावतर शिकवली, लय झालं," मामू म्हणाला.

"निकाहात पोरीला विचारावं लागते. तिची मर्जी नसली तर निकाह होत नाही."

"विचारू ना. कोण नाही म्हणते?"

आपांनी नसीमला आठ दिवस टेपसमोर बसवलं. एकच शब्द. नहीं. पहिल्या दिवशी तो मशीनलाही ऐकू गेला नाही. आठव्या दिवशी ऑफिसातले क्लार्क धावत आले, "बाई, काय झालं?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. वाटलं, जिंकलो.

*

लग्नाला मामूनं आपांना बोलावलंच नाही. मला बोलावलं.

बायकांच्या खोलीत आम्ही पंचवीस-तीस जणी असू. मी नसीमच्या अगदी शेजारी. काजीसाहेब बाहेर मंडपात; पोरीला विचारून तिचं उत्तर त्यांना सांगायचं काम मामूचं. तो दोन साक्षीदार घेऊन पडद्यापलीकडे उभा राहिला. मुलाचं नाव घेतलं, नवऱ्यानं द्यायची मेहरची रक्कम सांगितली आणि विचारलं, "कबूल है?"

"नहीं," नसीम म्हणाली. मान वर करून, स्पष्ट.

खोलीत कुणी हललं नाही. पडद्यापलीकडे कुणी तरी खाकरलं. नसीमनं माझ्याकडे पाहिलं.

मामूची पावलं मंडपाकडे गेली. काजीसाहेबांना त्यानं सांगितलेलं आत आम्हाला नीट ऐकू आलं, "कबूल."

मग निकाह झाल्यावर वाटायच्या खजुरांचं ताट आत आलं. मलाही एक दिला.

मी खाल्ला.