गोडंबीचा व्हिडिओ आणि माझं तोंड

स्वयंपाकातलं मला काहीच कळत नाही, म्हणूनच मी विस्मरणात चाललेल्या रानातल्या पदार्थांचं फेसबुक पान सुरू केलं.

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या वर्षांतली ही गोष्ट. वणीत माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. कापूस गेल्यावर लोक जळालेली मोटारही तशीच कोपऱ्यात ठेवू लागले आणि मला मोबाइल पाहायला दिवसभर मोकळीक मिळाली. तरोट्याच्या भाजीचा माझा पहिला व्हिडिओ बारा जणांनी पाहिला. त्यात नऊ सासरचे होते (उरलेल्या तिघांत एक मी).

माझी वत्सलामावशी झरी जामणीकडच्या एका खेड्यात राहते. बिबे फोडून आतला गोड गर, म्हणजे गोडंबी, काढण्यात तिचा जन्म गेला. पण आता गोडंबीचे लाडू कोणी मागत नव्हतं आणि गावात बिबा फोडणारी ती एकटीच उरली होती. हा हिवाळा झाला की आपण बिबे फोडायचा दगड ठेवून देणार, असं तिनं माझ्या बायकोला, सुनंदाला, सांगितलं. ते ऐकून मला चेव आला. झरीच्या पुढच्या बाजारात तुझे सगळे लाडू संपवून दाखवतो, असं मी मावशीला फोनवरच सांगून टाकलं.

रविवारी आम्ही दोघं तिच्या अंगणात हजर. मावशीनं हाताला तेल आणि राख चोळली, मलाही चोळायला सांगितली.

"बिब्याचं तेल उडते बाप्पा. तोंडाले हात लावजो नोको," ती म्हणाली.

राखेचे हात व्हिडिओत चांगले दिसणार नाहीत, असं मी तिला समजावलं. मग कोऱ्या हातांनी बिबे फोडायला बसलो आणि रानाच्या ठेव्यावर भाषण सुरू केलं. काळं तेल उडत होतं. मी मधूनच घाम पुसला, केस नीट केले, आणि शेवटी, पूर्वजांचा उल्लेख आला तेव्हा, मिशीवरून हात फिरवला.

रात्री मावशीकडेच राहिलो. सकाळी उठलो तर डोळे उघडेनात. गाल, कपाळ, ओठ सगळं टम्म फुगलेलं आणि आग आग होत होती. सुनंदानं आधी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली, औषध दिलं आणि हात न माखता बिबा फोडणारा माणूस आपण पहिल्यांदाच पाहिला, असं नर्सला बोलावून सांगितलं.

परत आलो तेव्हा मावशी खोबरेल घेऊन बसली होती. माझ्या तोंडाला ते लावता लावता ती मला झापत होती आणि झापता झापता बिबा खरा कसा फोडायचा, लाडवात गूळ किती, कोणत्या दुखण्यात तिच्या आईनं ते कोणाकोणाला खाऊ घातले, सगळं सांगत होती. मला काही दिसत नव्हतं. सुनंदा समोर बसून हे सगळं मोबाइलवर घेत होती, हेही दिसलं नाही. तिनं माझं भाषण पुसून टाकलं आणि हेच पानावर चढवलं.

आठ दिवसांनी बाजारात मावशीच्या टोपलीपुढे व्हिडिओ पाहून आलेल्यांची ही गर्दी. फुलसावंगीहून एक म्हातारं जोडपं मोटारसायकलवर आलं होतं. दोघांनी एकच लाडू अर्धा-अर्धा खाल्ला आणि मग घरी न्यायला आणखी बांधून घेतले. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. गावातल्या दोन सुनांनी बिबे फोडायला शिकव म्हणून मावशीला गळ घातली. मावशीनं दगड ठेवून द्यायचा विषय पुन्हा काढला नाही.

माझी सूज तोवर पूर्ण उतरली होती. वणीचा एक ट्रक ड्रायव्हर लाडू खात खात इकडे तिकडे पाहत होता.

"तो व्हिडिओतला सुजलेला भाऊ नाही आला काय?" त्यानं मलाच विचारलं.

"मीच तो," मी कॉलर नीट करत म्हणालो.

त्यानं मोबाइल काढला. एकदा व्हिडिओकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सुनंदाकडे वळून हळहळत म्हणाला, "थ्या दिवशी बरे दिसत होते, वहिनी."