डाव्या बाजूचा ओटा

टोकावड्याजवळ रस्त्याला लागून आमचा ढाबा होता. माळशेज घाट उतरून आलेले ड्रायव्हर कुणाला काय दिसलं ते रंगवून सांगायचे, आणि मी विचारायचे, "चहात साखर किती?" भुताखेतांवर माझा विश्वास एवढाच... म्हणजे नाहीच. तरी हे लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पाय सुधारला, उजवा हात मात्र लुळा पडला. ढाबा दुसऱ्याला चालवायला दिला. ज्यांच्या हातचं पिठलं खायला लोक गाड्या थांबवायचे, ते स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात. दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मला फार रडू यायचं, पण त्यांच्यासमोर नाही.

माझा धाकटा भाऊ दिनेश, त्याचं आसनगावला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. त्याने मोबाइलवर घरी बनवलेले, गाडीमागे जोडून न्यायचे कॅम्पिंग ट्रेलर पाहिले नि म्हणाला, "ताई, भावजींना बाहेर काढू आपण. ट्रेलरला मागं ओटा बसवतो. ओढला की बाहेर, पाय लावले की उभा. नको असंल तेव्हा अख्खा काढून घरात ठेव."

ओट्याची मापं मी दिली. पंधरा वर्षं ह्यांना रांधताना पाहिलेलं — शेगडी मधे, मसाल्याचा खण उजवीकडे, पळ्यांचे हूक उजवीकडे. डोळे मिटून सांगितलं.

शनिवारी आम्ही दोघं वर्कशॉपात गेलो; दुपारी एक वाजता काम संपलं. दिनेशने फोटो काढून मला पाठवला, शटरला कुलूप लावलं, चावी खिशात टाकली, आणि आम्ही तिघं त्याच्या घरी जेवायला गेलो. हे माझ्या शेजारीच होते. डाव्या हातात चमचा, मान खाली.

तासाभराने शटर उघडलं, तर खण डावीकडे! हूकही डावीकडे. उजवीकडचा पत्रा कोरा — एक भोक नाही, वेल्डिंगचा डाग नाही.

दिनेशचा चेहरा उतरला. "आईशप्पत ताई, मी नाय केलं. आनि एका तासात हे व्हनार पन नाय!"

मी फोटो उघडला. त्यात सगळं उजवीकडे. फोटोच उलटा झाला असेल म्हणून त्यात मागच्या भिंतीवर दिसणाऱ्या कॅलेंडरचे आकडे पाहिले. ते सुलटेच होते.

आम्ही दोघं फोटोत डोकं घालून बसलो, तोवर हे ओट्याजवळ गेले होते. डाव्या हाताने त्यांनी खण ओढला. लावला. परत ओढला.

"कांदा कुठं हाय?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वैशाखऱ्याला, एका शेताच्या कडेला ट्रेलर लावला. कांदा मी चिरला, बाकी सगळं त्यांनी केलं. "मीठ बघ गो," म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मीठ जास्तच झालेलं. मी दोनदा वाढून घेतलं.

जेवणं झाल्यावर मी त्यांना तो फोटो दाखवला. त्यांनी उजवीकडच्या खणावर बोट ठेवलं. मग विचारलं, "ह्यो कोनासाठी केलेला?"

मी मोबाइल बंद केला नि ताटं उचलली.

दिनेशने वर्कशॉपात नारळ फोडला. फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्या बंद शटरच्या आत ओटा कुणी फिरवला, कसा फिरवला, मला आजही ठाऊक नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. दोन वर्षं त्यांचा चमचा कुठल्या हातात असतो ते मी रोज बघत होते... आणि मापं देताना नेमके डोळे मिटून घेतले.