बारा सेकंदांचा हिरवा माणूस

शाळेच्या गेटवर दहा मिनिटं आधी पोचणाऱ्या आयांकडे दोनच गोष्टी साचतात: रिकामे डबे आणि किस्से. डबे घरी गेल्यावर घासले जातात. किस्से तसेच राहतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक चढतो!

आमचं गेट लालबाग आणि परळच्या मधे. समोर भलामोठा रस्ता, मध्ये दुभाजक, आणि सिग्नलवर चालणाऱ्यांसाठीचा तो हिरवा माणूस. तो बारा सेकंद दिसतो. मी मोबाइलवर मोजलंय. एकदा नाही, पंधरा दिवस रोज. (मी कशी बाई आहे ते यावरून कळलंच असेल.) माझी मुक्ता सहा वर्षांची. पाठीवर दप्तर घेऊन ती बारा सेकंदांत दुभाजकापर्यंत पोचते. पुढचा अर्धा रस्ता रामभरोसे. आमचं मागणं एवढंच, ते सेकंद वाढवा.

आमचं म्हणजे तिघांचं. मी, जुळ्यांची आई सुप्रिया, आणि नातीला सोडायला येणारे वैद्य काका. काका रस्त्यांच्या खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. सुप्रिया लालबागच्या चाळीतली, मूळची मालवणची. तिला कुणाची भीती वाटत नाही. तिच्या वाट्याची मी बाळगते.

*

"तू उगाच टेन्शन घेतेस," हे माझ्या नवऱ्याचं आवडतं वाक्य. "मी ठाकूरद्वारला वाढलोय, रस्ता मला नको शिकवू."

एका सोमवारी म्हटलं, जा मग तूच सोडायला.

नऊ मिनिटांनी फोन. "अगं, मी दुभाजकावर आहे."

"मुक्ता?"

"ती पलीकडे पोचली. त्या जुळ्यांच्या आईने हात धरून नेली. मी राहिलो इथे. वॉटर बॅग माझ्याकडे आहे."

"मग आता?"

"गाड्या थांबतच नाहीयेत गं!"

ठाकूरद्वारचा वाघ चार सिग्नल दुभाजकावर उभा होता, गळ्यात गुलाबी वॉटर बॅग घालून.

*

फूटपाथवर बाइक चढतात म्हणून तिथे लोखंडी खांब ठोकले. आता बाबागाडी जात नाही, व्हीलचेअर जात नाही. बाइक मात्र हँडल जरा तिरकं केलं की सुळकन आत! काकांनी खांबांमधलं अंतर टेपने मोजलं आणि टेप गुंडाळताना एवढंच म्हणाले, "ज्याने हे मंजूर केलं, तो घरातून बाहेर पायी निघत नसणार."

परवा एका बाइकवाल्याने फूटपाथवरच सुप्रियाच्या पाठीमागे हॉर्न लावला. "ओ मॅडम, साइड द्या ना!"

सुप्रियाच्या दोन हातांना दोन पोरं. ती जागची हलली नाही. मान मागे वळवून म्हणाली, "थांब हां, रिव्हर्स घेते," आणि तोंडाने "टूं, टूं, टूं" करत पोरांसकट मागे मागे यायला लागली. पोरंही "टूं टूं" करायला लागली. तो बाइक उलटी ढकलत रस्त्यावर उतरवेपर्यंत तिने काही गिअर बदलला नाही.

*

मग अर्ज घेऊन आम्ही वाहतूक खात्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला.

"या स्पॉटवर अपघात झालाय?"

"नाही, अजून तरी नाही," मी म्हटलं, आणि माझ्या आवाजात चक्क माफी होती!

"मग कसं करणार? आमच्याकडे तसं रेकॉर्ड लागतं."

सुप्रिया पुढे झाली. "साहेब, कोणाचं पोर पाठवू? तारीख सांगा, डबा देऊन पाठवते."

साहेब लाल झाले. म्हणाले, बरं, दुसरा मार्ग आहे. मोजणी लावतो. वर्दळ जास्त आढळली तर सिग्नलचं बघू.

आणि मी काय केलं माहितीये? निघताना "थँक्यू सर" म्हणाले! ज्या माणसाला माझ्या मुलीसाठी आधी अपघात हवा होता, त्याला थँक्यू. सुप्रिया अजून मला वडा-पाव घेऊन देते तेव्हा हात पुढे करून वाट बघते. "म्हण गो बाय, थँक्यू सर!"

*

मोजणी काही येईना. मधे गणपती जवळ आले. आमच्याकडे मूर्तीचं आगमन असलं की मंडळाची पोरं दोन बाजूंनी जाड दोर धरतात, आणि मग मंत्र्याची गाडी असो की डंपर, दोरापलीकडे थांबते. हॉर्नसुद्धा नाही. सुप्रिया म्हणाली, "मूर्तीसाठी थांबतात ना? मग मूर्त्या आपल्याकडे पण आहेत."

तिच्या दिराच्या मंडळातून दोर आला. शाळा सुटायच्या वेळी हिरवा माणूस लागला, एक टोक तिने धरलं, एक मी. आणि रस्ता थांबला! एका टॅक्सीवाल्या काकांनी तर स्टिअरिंगवरून हात काढून नमस्कार केला. "कोणाचं आगमन?"

"पहिली 'ब'चं!" सुप्रिया ओरडली.

चौकातले हवालदार धावत आले. "दोर कुठल्या मंडळाचा?"

"पहिली 'ब' मंडळ. स्थापना यंदाचीच."

हवालदारांनी रांगेतली पोरं पाहिली. शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत माझ्या बाजूचं टोक त्यांनी स्वतः धरलं. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी त्यांना वरून फोन आला, आणि दोर मंडळात परत गेला. तिकडे मूर्ती येणार होती.

*

आणि मग एकदाची मोजणी आली!

सकाळी सात वाजता एक गृहस्थ घडीचं स्टूल टाकून कोपऱ्यावर बसले. मांडीवर कागद. रकाने आखलेले: दुचाकी, मोटार, टेम्पो, बस, हातगाडी. गाडी गेली की एक रेघ.

मी विचारलं, "चालणारे कुठे लिहिता?"

"चालणाऱ्यांना रकाना नाही, ताई."

"म्हणजे आम्ही मोजलेच जाणार नाही?"

माणूस भला होता. आमची तोंडं बघून त्यालाच वाईट वाटलं. त्याने कागद वरखाली पाहिला, पेन्सिल कानामागे घातली, काढली. "हातगाडीत टाकू का? तीही माणूसच नेतो."

आम्हाला काय आनंद झाला! कुठेतरी धरलं आपल्याला! काका जरा कुरकुरले, "असं करू नये हो," पण आम्ही त्यांना बोलू दिलं नाही. त्या गृहस्थांना कटिंग चहा पाजला. पोरं वर्गात गेल्यावर "अजून एक फेरी मारूया" असं कोण म्हणालं, तर मी! एरवी एकदा रस्ता ओलांडताना जिचा जीव जातो, ती मी त्या दिवशी अकरा वेळा इकडून तिकडे गेले. बाकीच्या आयाही. दुपारी शाळा सुटताना तेच. रेघांवर रेघा! त्यांची पेन्सिल झिजली, सुप्रियाने जुळ्यांच्या कंपासमधली काढून दिली.

तीन महिने गेले. गेल्या सोमवारी गेटवर पोचलो तर सिग्नलच्या खांबाला कोरी करकरीत पाटी.

काकांनी ती वाचली. चष्मा पुसून परत वाचली, आणि नातीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

मुक्ताला सध्या दिसेल ते वाचायची हौस आहे. तिने अक्षराला अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "हा-त-गा-ड्यां-ची व-र्द-ळ अ-ति झा-ल्या-मु-ळे स-का-ळी सा-त ते आ-ठ व दु-पा-री बा-रा ते ए-क या चौ-का-त हा-त-गा-ड्यां-ना स-क्त म-ना-ई."

मग रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून म्हणाली, "पण आई, इथे हातगाडी कुठाय?"

बाजूला उभे असलेले हवालदार एकदम खूश झाले. पाटीवर थाप मारत म्हणाले, "बघितलंत ना, ताई? पहिल्याच दिवशी एकसुद्धा नाही!"