बेबीताईचा आराम

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी बोरगावला एका घरी विम्याचा फॉर्म भरत बसलो होतो. घरधनी उत्तरं देत होता, त्याची बायको चहा ठेवून आत निघून गेली होती. ‘‘मामा, या…’’ एवढंच भाची म्हणाली. मी फॉर्म तसाच बॅगेत कोंबला आणि पांढुर्ण्याची वाट धरली. माझी मोठी बहीण, बेबीताई, सकाळी अकराच्या सुमारास गेली होती. आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, हळूहळू दुःख निवेल. ते निवायचं तेव्हा निवो, पण राग काही जात नाही. तिच्यावरचा, भाऊजींवरचा आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवरचा.

ताईच्या घराच्या पुढच्या खोलीत आटाचक्की आहे. भाऊजी सौंसरला एका खासगी शाळेत कारकून, सकाळच्या बसनं जाणार, संध्याकाळच्या बसनं येणार. म्हणजे चक्की सगळी ताईची. पंधरा किलोचा डबा ती एका झटक्यात उचलून वर रिकामा करायची. पट्टा घसरला तर तीच चढवायची, दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला टाकीही तीच लावायची. कोणाकडे भाकरीचं पीठ जाडसर लागतं, कोणाच्या सासूला दात नाहीत, हे तिला तोंडपाठ. चक्कीच्या आवाजामुळे तिला ओरडूनच बोलायची सवय लागली होती. तिचा फोन आला की मी तो कानापासून हातभर लांब धरायचो आणि तरी शेजारच्यांनाही सगळं ऐकू जायचं. भुवया कायम पिठानं पांढऱ्या. चाळिशीतच म्हातारी दिसते म्हणून मी चिडवायचो, तर म्हणायची, ‘‘धुतलं का जाते बापा, तुह्या टकलासारखं थोडी हाय!’’

मी गेली वीस-बावीस वर्षं विम्याचं काम करतो. सौंसरपासून सावरगावपर्यंत किती घरांत पॉलिसी दिल्या, आठवतही नाही. ताईच्या घरी काय नव्हतं? भाऊजींची पॉलिसी होती, भाऊजींच्या स्कूटरची होती, चक्कीच्या मोटारीचीसुद्धा होती. ती मोटार चालवणारीची तेवढी नव्हती. आणि हे मला, विम्याचं काम करणाऱ्या माणसाला, कितीतरी वर्षं खटकलंही नाही! फॉर्म भरताना ताई वारसदार म्हणून सही करायची आणि पोहे टाकायला आत जायची.

मग एकदा खटकलं. एका दिवाळीत मी ठरवलं, यंदा भाऊबिजेला साडी नाही. गंभीर आजाराच्या विम्याचा भरलेला फॉर्म आणि पहिल्या हप्त्याचा चेक एका पाकिटात घातला, आणि ताईनं ओवाळल्यावर ते ताटात ठेवलं. तिनं तिथंच उघडून वाचलं.

‘‘हे काय होय रे दिलीप?’’

‘‘बायांसाठी चांगला हाय ताई. मोठा आजार निघाला तर…’’

‘‘भाऊबिजेच्या ताटात आजार टाकून राहिला तू? अक्कल हाय का नाई? मले काय धाड भरली? द्याचंच असन तर तुह्या भाऊजीचा वाढव.’’

भाऊजी पाटावरून हसत म्हणाले, ‘‘तिले कायले पाह्यजे? ते तर घरीच रायते.’’

घरीच! दिवसभरात एवढे डबे ती घरीच उचलत होती, खरं आहे. आणि मी काय केलं? मुकाट्यानं पाकीट खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पसंतीची मोरपंखी साडी आणून दिली. परकं गिऱ्हाईक नाही म्हणालं तर मी त्याच्या दारात सात खेपा घालतो. सख्ख्या बहिणीला मी एकदाच विचारलं.

तीन वर्षांनी तिच्या छातीत उजव्या बाजूला गाठ निघाली. ती तिच्या हाताला कधीचीच लागली होती, पण ‘बायाचं दुखणं कोणाले सांगाचं’ म्हणून गप्प बसली. अश्विनीच्या लक्षात आलं म्हणून नागपूर गाठलं. ऑपरेशन सरकारी कार्डावर झालं आणि चांगलं झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या बाजूच्या हातानं वजन उचलायचं नाही, भरपूर आराम करायचा आणि मग काही आठवडे रोज नागपूरला शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. कार्डानं दवाखान्याचं बिल भागतं. चक्की बंद ठेवून बाई घरी पडून राहिली तर त्याचं काय, हे कोणत्याही कार्डावर लिहिलेलं नसतं. गंभीर आजाराचा विमा नेमका तिथं कामाला येतो. आजार अटीत बसला की ठरलेली रक्कम एकदम हातात येते, ती दवाखान्यात घाला नाहीतर घरी बसून खा. अटी असतातच. सुरुवातीच्या काही महिन्यांत निघालेला आजार धरत नाहीत, आजार आधीच असेल आणि लपवला तर दावा नामंजूर होतो. म्हणून तर धडधाकट असतानाच घ्यायचा असतो. हे सगळं मला झोपेतही पाठ आहे… काय उपयोग?

ऑपरेशनला पंधरा दिवस झाले नाहीत तोच मी गेलो, तर चक्कीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत. बाई डाव्या हातानं डबा उचलत होती!

‘‘ताई, डॉक्टरनं काय सांगतलं होतं?’’

‘‘गिऱ्हाईक एक डाव दुसऱ्या चक्कीवर गेलं का वापस नाई येत.’’

‘‘अन् शेक?’’

‘‘जाईन नं… गव्हाचं सीझन तं सरू दे.’’

मी भांडलो. भाऊजींशीही भांडलो. चक्कीवर एक माणूस ठेव, असं ताईला म्हणालो, तर ‘‘त्याले देऊ काय अन् आमी खाऊ काय?’’ मी पैसे पुढे केले, तर तिनं हात मागे घेतला. ‘‘भावाचं घेतलं तं वहिनी काय म्हणन?’’ विम्याचे पैसे तिचे स्वतःचे असते. त्यात वहिनी नसती आणि उपकारही नसते. तिनं अर्धे शेक घेतले, अर्धे बुडवले. पुढच्या वर्षी दुखणं हाडात उतरलं. विमा असता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण शेक पुरे झाले असते. ती चार महिने निजली असती. तेवढं तरी तिला मिळायला हवं होतं.

तेरवीच्या दिवशी माझा तोल गेला आणि जमलेल्या बायांना मी हे सगळं तावातावानं ऐकवलं. पंगत उठल्यावर शेजारची एक बाई मागच्या दाराशी आली आणि हळूच म्हणाली, ‘‘दादा, तो फारम मलेबी आणून देजा… पण आमच्या ह्यायले नोका सांगू.’’ हसावं की डोकं आपटावं, मला कळेना.

मधल्या खोलीत खिडकीशी एक पलंग आहे. ऑपरेशन झालं तेव्हा आईला आराम पडावा म्हणून अश्विनीनं आपल्या पगारातून तो आणि त्यावरची जाड गादी घेतली होती. ताई शेवटपर्यंत खाली सतरंजीवर निजायची. गादीवरचं प्लास्टिक तिनं काढू दिलं नव्हतं, ‘‘पाहुण्यायले होईन’’ म्हणून. तेरवीला दुरून आलेल्या एका म्हातारीला टेकायला जागा हवी होती, तेव्हा अश्विनीनं कात्री आणली आणि प्लास्टिक कापलं.