बयाबाईच्या रवीचा दांडा

सुवर्णा जादूच्या छड्या बनवते, हे तिच्या भिशीतल्या बायकांना माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "रेझिनचं काम करते." बायका मग पूजेची ताटं, दारावरच्या नावाच्या पाट्या असं काहीतरी आपल्या मनाने समजून घेत आणि सुवर्णा त्यांना तसं समजू देई. शेहेचाळिसाव्या वर्षी, पोरगी कॉलेजात असताना, आपण लोकांच्या पोरांना वाढदिवसाला वाटायच्या छड्या ओततो, हे सांगायला तिची जीभ रेटत नसे.

पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या फ्लॅटची मागची गॅलरी म्हणजे तिचा कारखाना. बांबूच्या काडीवर ग्लू गनने वेटोळी काढून ती आधी एक नमुना करायची. तो प्लास्टिकच्या पाइपात उभा करून भोवती पातळ सिलिकॉन ओतायची. दुसऱ्या दिवशी त्याचं रबर झालं, की नमुना ओढून काढायचा. आत राहिलेली पोकळी हा साचा. मग रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर काट्यावर तोलून, बुडबुडे येऊ न देता ढवळून, त्यात ओतायचं. निघालेली छडी घासायची, तपकिरी रंगवायची आणि खाचांमध्ये काळा रंग भरून फडक्याने पुसून घ्यायची. त्या शेवटच्या पुसण्यात तिचा हात इतका बसला होता की कालचं प्लास्टिक पन्नास वर्षांपूर्वीचं लाकूड वाटायचं. फोटो काढून मोबाईलवर टाकणं आणि ऑर्डरी घेणं हे काम लेकीचं, हर्षालीचं.

"झाल्या का गं काड्या?" सासूबाई, आक्काबाई, रोज दुपारी गॅलरीच्या दारातून विचारायच्या.

"झाल्या आई."

"काड्या करती म्हणून सांगू नको हां कुठं. निफाडला कळलं तर म्हणतील, निवृत्तीनं बायकोला काड्या करायला बसवली."

त्या हसायच्या. सुवर्णाही हसायची, आणि दिवसभर तिला ते टोचत राहायचं.

आक्काबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. निफाडची शेती वाट्याने देऊन चार वर्षांपासून लेकाकडे राहत होत्या. इथे त्यांच्या हुकमाखाली दोनच गोष्टी होत्या : रोजच्या वाती आणि आठवड्याचं ताक. साय साठवून, विरजून, दर शनिवारी सकाळी ओट्यापाशी उभ्या राहून त्या दोन्ही तळव्यांमध्ये रवी फिरवत. मिक्सरचं लोणी त्यांना चालत नसे. रवी त्यांच्या आईची, बयाबाईची. दांड्याला वरच्या बाजूला तीन कडी कोरलेली आणि टोकाला कळी. दोन पिढ्यांच्या तळव्यांनी ती कडी झिजून गोटीसारखी गुळगुळीत झाली होती.

भाद्रपदात हर्षालीने ऑर्डर आणली. गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर वाढदिवस, तीस छड्या. "पण मम्मी, त्यांना नेहमीचं डिझाइन नकोय. जुनं, खरंखुरं वाटणारं काहीतरी पाहिजे."

सुवर्णाने ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेल्या रवीकडे पाहिलं. छडीच होती ती. खाली लाकडी फूल होतं, एवढाच फरक.

विचारलं असतं तर आक्काबाई नाही म्हणाल्या असत्या. म्हणून तिने विचारलं नाही. आक्काबाई दोन दिवस निफाडला गेल्या, तेव्हा तिने रवी काढली, फुलाला पिशवी बांधली आणि दांडा पाइपात सोडून सिलिकॉन ओतलं. तिच्या बांबूच्या काड्या सरळ असत, ओढल्या की निघत. हा दांडा कड्यांपाशी जाड आणि खाली मानेशी बारीक. असा नमुना काढायचा तर रबर ब्लेडने उभं चिरावं लागतं, हे तिला माहीत होतं. पण साचा चिरला की प्रत्येक छडीवर उभी रेघ उमटते, आणि ती घासायला तीस छड्यांना तीन दिवस लागले असते. तिने न चिरता ओढलं.

आवाज फार मोठा झाला नाही. हरभऱ्याचा वाळका घाटा फुटावा तेवढाच. फूल तिच्या हातात आलं आणि दांडा रबरात राहिला.

ज्या साच्यासाठी चिरायचं टाळलं, तो शेवटी दांडा बाहेर काढण्यासाठी चिरावाच लागला. मग तिने जे केलं ते तिला इतकं सहज जमलं, याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. त्याच साच्यात तिने एक दांडा ओतला, रेघ घासली, तपकिरी रंग दिला, कड्यांच्या खाचांत काळा भरला, पुसला. खाली बयाबाईचं खरं फूल चिकटवलं. वरून लाखेचा हात फिरवला. रवी पुन्हा खिळ्यावर गेली. खरा दांडा फडक्यात गुंडाळून गॅलरीतल्या डब्यात, रेझिनच्या बाटल्यांमागे. निवृत्ती संध्याकाळी कंपनीतून आला, पाणी प्यायला, त्या रवीखाली पाच मिनिटं उभा राहून बोलला. त्याला काही कळलं नाही. सुवर्णाला वाटलं, सुटले.

शनिवारी आक्काबाईंनी रवी तळव्यांत धरली, दोन फेरे दिले आणि थांबल्या. तळवे पदराला पुसले. पुन्हा धरली.

"सुवर्णा, माझे हात ओले हायेत का गं?"

"नाही आई. का?"

"सुटती हातातून. कडी लागत नाय हाताला."

सुवर्णा कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. "हवा दमट आहे ना," ती म्हणाली.

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं, फार तर दोन.

पुढच्या शनिवारी तेच. आक्काबाईंना दहा वर्षांपासून साखर होती, आणि साखरेने हातापायांची जाणीव जाते हे त्यांनी शेजारच्या सुमनबाईंच्या बाबतीत पाहिलं होतं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त वाती वळायच्या बंद झाल्या. कापसाचा पुडा देवघरात तसाच. बटाटे सोलायला बसल्या की म्हणायच्या, "सुरी नको बाई माझ्या हातात. हाताचा भरवसा नाय राहिला." दुपारी गॅलरीच्या दारात यायच्या, पण काड्यांचं विचारायच्या नाहीत. उजव्या अंगठ्याने डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबत उभ्या राहायच्या.

तीस छड्या गेल्या. लॉन्सवाल्या बाईंनी हर्षालीला लिहिलं होतं, "अगदी खऱ्या वाटतात!" हर्षालीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सुवर्णा म्हणाली, "पुरे गं."

मग एका सकाळी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. आक्काबाई गॅसपाशी उभ्या होत्या, तवा तापलेला, आणि उजव्या हाताची दोन बोटं लाल.

"आई! काय केलंत हे?"

"काय नाय. भाजलेलं कळतं का बघत हुते." त्या ओशाळून हसल्या. "कळलं. पर जरा उशिरा कळलं का काय, तेच समजंना."

सुवर्णाने त्यांचा हात नळाखाली धरला. पाणी वाहत होतं, तिचे ओठ हलले, आणि तेवढ्यात ते ऐकून निवृत्ती आत आला. "हातपाय बधिर व्हायला लागलेत म्हणजे साखर वाढली आहे," तो म्हणाला. "मी आजच नसांच्या डॉक्टरांचा नंबर लावतो. आणि आई, तू गॅसपाशी यायचं नाहीस आता."

"बरं बाबा," आक्काबाई म्हणाल्या. इतक्या पटकन त्यांनी आयुष्यात कधी कुणाचं ऐकलं नव्हतं.

गुरुवारी दवाखान्यात गर्दी होती. निवृत्ती गाडी लावायला जागा शोधत गेला. आक्काबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि पदराचा काठ बोटांत धरून चाचपू लागल्या.

"काठ कळतो," त्या हळूच म्हणाल्या. "गाठ मारलेली कळती. रुपायावरचा आकडाबी कळतो गं डोळे मिटून. निस्ती रवी कळत नाय. असं कसलं दुखणं म्हणायचं?"

सुवर्णाने पर्समधून फडकं काढलं. सकाळी ते पर्समध्ये टाकतानाही, आपण हे बाहेर काढू याची तिला खात्री नव्हती. तिने ते उलगडलं आणि दांडा सासूच्या तळहातावर ठेवला.

आक्काबाईंची बोटं आपोआप मिटली. अंगठा पहिल्या कड्यावर गेला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. तुटक्या टोकापाशी थांबला. मग त्यांनी दांडा नाकाशी नेला. लोण्याचा जुना, खवट वास होता त्याला.

"ही रवी," त्या म्हणाल्या. "मग खिळ्याला हाय ती?"

"मी केली. साच्यात. ही माझ्याकडून मोडली आई. काड्यांसाठी घेतली होती, न विचारता."

"कधी?"

"तुम्ही निफाडला गेला होतात तेव्हा."

आक्काबाईंनी मनात दिवस मोजले. समोर एक बाई पोराला बिस्किट देत होती, तिकडे बघत त्या म्हणाल्या, "अठरा दिवस. मी माझ्या हातांकडं बघत बसले. आन् तू माझ्याकडं बघत हुतीस."

सुवर्णाने रिकाम्या फडक्याची घडी घातली. "मोडल्याचं काय नाय," आक्काबाई म्हणाल्या, "लाकूड हाय, मोडतंय. बोटं भाजली तवा तर बोलायचं हुतंस." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

निवृत्ती आला आणि त्याच वेळी नंबर पुकारला गेला. सुवर्णा घाईने त्यांच्या कानाशी म्हणाली, "आई, आता दाखवायची गरज नाही ना. घरी जाऊ."

"कशाला? आलोय तर दाखवू." त्या उठल्या. "तू म्हनलीस हातांना काय झालं नाय, म्हणून मी मानायचं? आता डॉक्टरला सांगू दे."

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि कापूस बोटांवरून फिरवला.

"कळलं की सांगा आजी."

"हां."

"आता?"

"हां. करंगळी."

"आता?"

"हां."

सुवर्णा दाराला पाठ लावून उभी होती. प्रत्येक 'हां' ऐकताना तिला वाटत होतं, आता निवृत्ती वळून पाहील. दहा बोटं झाली, मग टाचणी झाली, मग थंड चमचा. डॉक्टर म्हणाले, हात तर ठणठणीत आहेत, आणि मग विचारलं, "तुम्हाला कशावरून वाटलं बधिर झालेत?"

आक्काबाईंनी डोळे उघडले.

"ताक करताना रवी सुटत हुती हातातून," त्या म्हणाल्या. "रवीच खराब निघाली."

"रवी?" निवृत्ती हसला. "एवढ्यासाठी अर्धा दिवस रजा टाकली मी!"

"व्हय," आक्काबाई म्हणाल्या. "एवढ्यासाठीच."

त्या सुनेकडे बघत नव्हत्या. जिना उतरताना सुवर्णाने नेहमीसारखा पिशवीसाठी हात पुढे केला. पिशवीत तो दांडा होता. आक्काबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि कठड्याला धरून, एकेक पायरी पायाच्या बोटांनी चाचपत, स्वतःच खाली उतरल्या.